खार आणि देवदार

तुलना समानांचीच करावी, असा एक जुना दंडक आहे. आंब्याची तुलना फणसाशी होते, गंगेची गोदावरीशी होते, फार झाले तर सिंहाची वाघाशी होते. परंतु खारीची तुलना देवदाराशी करावयास कोणी बसला, तर वाचक प्रथम त्याच्या लेखाच्या मथळ्याकडे व नंतर त्याच्या प्रकृतीकडे संशयाने पाहतील. एक प्राणी, दुसरा वृक्ष; एक वीतभर लांबीचा, दुसरा आकाशाला भिडणारा; एक सपाटीवरच्या गल्लीबोळांत नांदणारा, दुसरा हिमालयाच्या उतारावर उभा राहणारा. यमक जुळते, एवढेच काय ते सकृद्दर्शनी साम्य! तथापि ही तुलना आम्ही लेखासाठी मुद्दाम हुडकून काढलेली नाही. ग्वाल्हेरच्या दाना ओलीत, आमच्या घरी, ती जवळजवळ पन्नास वर्षे चालत आली. आणि अखेरीस एका मोठ्या बिकट प्रश्नाचा निकाल तिच्याच आधाराने लागला. म्हणून ती येथे सविस्तर सांगण्याचे योजिले आहे.

दाना ओली ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुनी वस्ती. हे नाव उच्चारताच मराठी कानाला दाण्यांच्या ओळीचा भास होतो. तसाच तो खारींनाही होत असावा. कारण आमच्या लहानपणी त्या वस्तीत माणसांपेक्षा खारींचेच बिऱ्हाड अधिक जुने व अधिक पक्के आहे, अशी आमची समजूत होती. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये आपली राजधानी उज्जैनीहून ग्वाल्हेरास आणली आणि किल्ल्याच्या दक्षिणेस फौजेचा तळ दिला. त्या तळालाच लोक लष्कर म्हणू लागले. तळ हा हलविण्यासाठीच दिलेला असतो. हा मात्र तेथेच राहिला. तंबूंच्या जागी वाडे उठले, वाड्यांभोवती बाजार बसले आणि फौजेबरोबर आलेली कारकून, पुजारी, वैद्य, गवई अशी नाना प्रकारची मराठी कुटुंबे तेथेच नांदू लागली. आमचे एक पूर्वज अशाच एका दप्तरात लेखणी घेऊन आले होते. त्यांच्या वंशजांच्या जिभेवर दोन भाषा राहू लागल्या. पट्ट्यापट्ट्यांचा तो चपळ जीव घराच्या उंबऱ्याच्या आत ‘खार’ असे आणि बाहेर पडताच त्याची ‘गिलहरी’ होई. खारीला या नामांतराची काहीच अडचण वाटत नसे.

आमच्या वाड्यामागे एक कडुनिंब होता. त्याच्या शेंड्यावरून माळवदावर, माळवदावरून चौकात आणि चौकातून थेट स्वयंपाकघराच्या खिडकीत, असा खारींचा राजमार्ग होता. ही खार पाच पट्ट्यांची. दक्षिणेत तीन पट्ट्यांची तिची बहीण राहते. उत्तर हिंदुस्थानात मात्र पाठीवर पाच फिकट पट्टे असलेल्या या जातीचेच राज्य आहे. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जेमतेम दोन मध्यम लिंबांएवढे. शेपूट मात्र अंगाच्या लांबीशी स्पर्धा करणारे. रामायणातील सेतुबंधाची गोष्ट आजीने सांगितली की, वाळूचे कण वाहून नेणाऱ्या खारीच्या पाठीवरून प्रभू रामचंद्रांनी प्रेमाने बोटे फिरविली, त्याचेच हे पट्टे, असा तिचा समारोप असे. पुढे शाळेत दक्षिणेकडील खारीला तीनच पट्टे असतात हे कळल्यावर आम्ही मोठ्या ऐटीत आजीची उलटतपासणी घेतली. आजीने भाजी निवडता निवडता उत्तर दिले, “अरे, देवाला बोटे पाचच असतात. तिकडच्या खारीने थोडी कमी वाळू वाहिली असेल!” या उत्तरावर प्राणिशास्त्राजवळ तोड नाही.

प्राणिशास्त्राजवळ दुसऱ्या पुष्कळ गोष्टी मात्र आहेत, आणि त्या आजीच्या गोष्टीहून कमी नवलाच्या नाहीत. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. म्हणून तिला सदैव काहीतरी कुरतडीत राहावे लागते. आमच्या घरातील लाकडी मापाच्या कडा, दोऱ्यांची रिळे व एकदा तर पंचांगाचा चैत्रमास याच शारीरिक गरजेस बळी पडले. मागची पावले वळवून नख्या रोवता येत असल्यामुळे ती झाडावरून डोके खाली करून सरसर उतरू शकते. थंड देशांतील कित्येक प्राण्यांप्रमाणे ती हिवाळा झोपून काढीत नाही. ग्वाल्हेरच्या कडाक्याच्या थंडीत ती उन्हाचा तुकडा शोधून अंग फुलवून बसते, आणि ज्येष्ठात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात गेला की फांदीवर पोट टेकून, चारी पाय सैल सोडून पडून राहते. सुमारे चाळीस ते पंचेचाळीस दिवसांच्या गर्भावस्थेनंतर तिला दोनचार पिले होतात. ती आंधळी व उघडीनागडी असतात. त्यांच्यासाठी ती गवत, सुतळी, चिंध्या, कापूस असे जे मिळेल त्याचे घरटे करते. आमच्या बैठकीतील लोडाचा कापूस पिढ्यान् पिढ्या कोणाच्या बाळंतपणासाठी खर्ची पडला, हे यावरून सुज्ञांस कळून येईल.

आता देवदाराकडे वळू. सपाटीवरच्या आमच्या वस्तीत हा हिमालयवासी कसा पोहोचला, हा प्रश्न साहजिक आहे. तो तीन वाटांनी आला.

पहिली वाट बाळंतिणीच्या खोलीतून गेलेली होती. देवदार्व्यादि काढा हा मराठी घरांना पिढ्यान् पिढ्या परिचित आहे. घरात पाळणा हलला की काष्ठौषधीच्या दुकानातून त्याची पुडी येई, आणि चुलीवरच्या त्या उग्र, सुगंधी वाफेने माजघर भरून जाई. पाळण्यातल्या बाळाला आपल्या आईच्या वाटीत हिमालयाचा एक तुकडा उकळत आहे याची कल्पना नसे. परंतु या जगात आल्यावर आमच्या घरातील प्रत्येक मुलाने जे पहिले वास घेतले, त्यांत देवदाराचा वास होता.

दुसरी वाट व्यापाराची. मराठीत ‘देवदारी खोके’ असा एक शब्दप्रयोग आहे. हलक्या, पांढरट लाकडाच्या फळ्या ठोकून केलेल्या माल भरण्याच्या पेटीला तो लावतात. वास्तविक या पेट्यांचे लाकूड बहुधा चीड किंवा तसल्याच एखाद्या स्वस्त झाडाचे असते. खरा देवदार इतका स्वस्त कधीच नव्हता. पण नाव चिकटले ते चिकटले. आमच्या घरी अशा दोन खोक्यांत जुन्या वह्या होत्या, आणि देवदार म्हणजे खिळे उपटताना फाटणारे लाकूड, अशीच आमची बालपणीची धारणा होती.

तिसरी वाट आमच्या काकांनी आणली. ते हिशेबखात्यातील नोकरीनिमित्त सिमल्यास होते. 1972 च्या हिवाळ्यात ते रजेवर आले तेव्हा त्यांनी मुलांसाठी लाकडी गुलाब आणले. पाकळीवर पाकळी, मधोमध गाभा, रंग तपकिरी. हे कोणी कोरले, असे आम्ही विचारले, तेव्हा ते देवदाराच्या फळाचे शेंडे आहेत असे त्यांनी सांगितले. देवदाराची फळे फांदीवर दिव्यांसारखी उभी असतात. पिकली की ती झाडावरच उकलतात, पंख असलेली बिया वाऱ्यावर जातात, आणि शेंड्याचा हा गुलाब खाली गळून पडतो. त्या दिवशी आमच्या मनातील खोके मोडले आणि त्या जागी वृक्ष उभा राहिला.

पुढे तो वृक्ष प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला. मनाली येथे 1553 मध्ये बांधलेले हिडिंबादेवीचे लाकडी मंदिर आहे. त्याच्या भोवती देवदारांचे वन आहे. त्या वनात मान वर करून शेंडा शोधू लागले की माणसाची टोपी मागे पडते. चाळीसपन्नास मीटर उंची ही देवदाराच्या दृष्टीने सामान्य गोष्ट. काही वृक्ष साठ मीटरांपर्यंतही जातात. अफगाणिस्तानापासून काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड व पश्चिम नेपाळपर्यंत, सुमारे 1500 ते 3200 मीटर उंचीच्या पट्ट्यात त्याची वस्ती आहे. त्याला सुईसारखी पाने असतात व ती झुबक्याझुबक्यांनी येतात. त्याच्या लाकडात असे तेल असते की वाळवी व बुरशी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत. म्हणून पहाडातील देवळे, घरे व पूल त्याचेच बांधीत आले. कालिदासाने रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात तर देवदाराला शंकराचा मानसपुत्रच केले आहे. पार्वतीने त्याला पाणी घालून वाढविले, एका रानहत्तीने अंग घासून त्याची साल सोलली तेव्हा ती शोक करू लागली, आणि मग शंकराने त्याच्या रक्षणासाठी सिंह नेमला, अशी ती कथा आहे.

दुर्दैवाने इंग्रजी अमलात असा सिंह कोणी नेमला नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रेडरिक विल्सन नावाच्या इंग्रजाने भागीरथीच्या खोऱ्यात, हर्षिलच्या बाजूस, देवदार तोडून ओंडके नदीत सोडून देण्याचा मोठा व्यापार मांडला. आगगाडीच्या रुळांखाली घालण्यासाठी टिकाऊ लाकडाची भूक अफाट होती. जंगले संपत चालली हे ध्यानात आल्यावर 1864 मध्ये सरकारने वनखाते स्थापिले व डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाला त्याचे प्रमुख केले. जो वृक्ष शतकानुशतके एका जागचा हलला नव्हता, तो मेल्यावर मात्र नदीवाटे सपाटीवर आला आणि रुळांखाली पडून राहिला. त्याच्या अंगावरून सारा मुलूख प्रवास करू लागला.

येथपर्यंत दोघांची ओळख झाली. आता तुलनेस हरकत नाही.

खारीचे आयुष्य चारदोन वर्षांचे. देवदार पहिले बी धरावयासच काही दशके घेतो आणि पुढे शतके उभा राहतो. खार काल काय झाले ते बहुधा आज विसरते. देवदार काहीच विसरत नाही. त्याच्या खोडात दर वर्षी एक वलय पडते. अनुकूल वर्षी रुंद, कठीण वर्षी अरुंद. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील आणि लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील शास्त्रज्ञांनी हिमालयातील देवदारांची ही वलये मोजून जुन्या काळच्या हवापाण्याचा इतिहास वाचला आहे. ज्या शतकांत कोणी पर्जन्यमापक ठेवला नव्हता, त्या शतकांची रोजनिशी या झाडाने लिहून ठेवली.

खार संकट आले की पळते. देवदाराला पळता येत नाही, म्हणून तो आपल्या अंगातच तेल साठवितो. खार पिलांना तोंडात धरून नव्या घरट्यात नेते. देवदार आपली मुले वाऱ्याच्या स्वाधीन करतो आणि पुन्हा त्यांची चौकशी करीत नाही. परदेशगमन दोघांनीही केले आहे. देवदाराचे बी 1831 मध्ये इंग्लंडात गेले व तेथील थंड हवेत त्याची झाडे बागांतून शोभू लागली. आमची पाच पट्ट्यांची खार ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी पोहोचली. तेथील प्राणिसंग्रहालयातून 1898 मध्ये ती बाहेर पडली आणि शहराच्या झाडांवर तिने संसार थाटला. पाहुणी म्हणून गेली आणि भाडेकरू होऊन राहिली!

भाषेने या दोघांना दिलेला न्याय पाहिला म्हणजे आम्हांस अधिकच गंमत वाटते. एवढा देवांचा वृक्ष. पण मराठीने त्याचे खोके केले. एवढीशी खार, पण तिच्या नावाने ‘खारीचा वाटा’ हा असा शब्द केला की, सभेत वर्गणी देणारा श्रीमंतही तो नम्रपणे उच्चारतो. जे दूर आहे त्याचे नाव भाषा स्वस्त करून टाकते, आणि जे रोज खिडकीत येते त्याला मान देते, असे दिसते.

काकांनी लाकडी गुलाबांबरोबर डालड्याच्या डब्यात एक रोपही आणले होते. वीतभर देवदार! तो चौकाच्या उत्तरेकडील सावलीत ठेवण्यात आला. त्याला पाणी घालण्याचे काम आत्याकडे होते. आत्या वडिलांची धाकटी बहीण. ती बालवर्गाला शिकवी, अविवाहित होती, आणि वाड्याच्या किल्ल्या तिच्याच कमरेला असत. तिने त्या रोपाभोवती ओली पोती गुंडाळली, दुपारी त्यावर सूप धरले, माठातले पाणी घातले. पहिला हिवाळा रोपाला मानवला; पावसाळ्यात त्याला कोवळे फुटवेही आले. परंतु दुसऱ्या वर्षीच्या ज्येष्ठात आठ दिवस लू वाहिली, आणि पाने पिवळी पडून झडली. पार्वतीने केले त्याहून आत्याने काही कमी केले नव्हते. हवाच त्याची नव्हती. डबा पुढे कित्येक वर्षे तसाच राहिला. एका उन्हाळ्यात त्यातल्या वाळक्या मातीत एका खारीने शेंगदाणा पुरलेला आम्ही पाहिला. तेव्हापासून घरात वाद सुरू झाला की, थोर कोण? जागा सोडण्यापेक्षा मरण पत्करणारा देवदार, की कोणत्याही जागेत सोय पाहणारी खार? वडील व काका देवदाराच्या पक्षाचे होते, आजी खारीच्या. आत्या मत देत नसे.

तिने मत दिले ते 2019 मध्ये.

तोवर आजी गेली होती, वडील गेले होते, काकाही गेले होते. मुले पुणे, इंदूर, बंगळूर अशी पांगली होती. वाड्यात शहात्तर वर्षांची आत्या एकटी राहत होती. त्या पावसाळ्यात पूर्वेकडची भिंत खचली आणि माळवदाचा एक भाग खाली आला. आत्या शेजारच्या खोलीत होती म्हणून वाचली. दुरुस्तीचा खर्च कोणाच्याच आवाक्यात नव्हता. वाडा विकावा आणि आत्याला पुण्यास न्यावे, हे सर्वांना कळत होते. पण तोंडातून काढावयास कोणी धजत नव्हते. दिवाळीला सगळे जमले तेव्हा विषय निघाला.

आमचे थोरले बंधू म्हणाले, “आत्या म्हणजे देवदार. इथून उपटली तर टिकायची नाही. डब्यातल्या रोपाचे काय झाले ते आपण पाहिले आहे.” एका भावजयीने विचारले, “आणि इथेच ठेवून उद्या दुसरी भिंत पडली तर?” त्यावर कोणी बोलेना. आम्हीही बोललो नाही. आम्हांस एकाच वेळी दोन्ही बाजू खऱ्या वाटत होत्या, आणि अशा वेळी माणूस बोलण्याऐवजी चहाच्या कपाकडे पाहतो.

आत्या वाती वळीत होती. हातातला कापूस खाली न ठेवता ती म्हणाली, “अरे, मला विचारल्यावाचून मला झाड का करता? आपले मूळ पुरुष इथे आले, ते काय देवदार म्हणून आले? तळावर आले होते. मिळाला तो आडोसा घेतला आणि घर केले. मी त्यांच्यातलीच. मी खार आहे. कापूस द्या, कुठेही घर करीन. मात्र एक अट आहे. नेाल तिथे खिडकीबाहेर एक झाड असू द्या. खारीला तेवढे लागतेच.”

घरात बराच वेळ कोणी काही बोलले नाही. पन्नास वर्षांच्या वादाचा असा निकाल लागला. ज्या बाईने एका देवदाराला दोन वर्षे जीव लावून वाढविले होते, तिला त्याची थोरवी आमच्यापेक्षा अधिक माहीत होती. तरीही आपल्यासाठी तिने खारीचे जिणे निवडले. आणि हे निवडताना तिला दुःख झाले नाही, असे मात्र कोणी समजू नये. किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडून दिल्यावर पुढे कितीतरी दिवस तिचा हात तेथे जात असे.

वाडा विकला गेला. आता तेथे दुकानांची इमारत आहे. कडुनिंब रस्त्याच्या कडेला असल्यामुळे वाचला, ही समाधानाची गोष्ट. आत्यासाठी पुण्यात दुसऱ्या मजल्यावरचे घर पाहण्यात आले. खिडकीबाहेर एक जुना आंबा आहे. पहिल्या महिन्यात ती फारशी जेवली नाही, आणि डब्यातले रोप सर्वांच्याच डोळ्यांपुढे येऊन गेले. नंतर तिचे पत्र आले. त्यात औषधांचा हिशेब होता, शेजारच्या दोन मुलांना पाढे शिकवायला घेतल्याची हकीकत होती, आणि शेवटी एक ओळ होती: “खिडकीवर दाणे ठेवते. इथल्या खारींना पट्टे तीन की पाच, ते मोजते आहे. पण मेल्या स्थिर बसत नाहीत.”

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांना उद्या शिक्षणासाठी वा पोटासाठी गाव सोडावे लागेल. त्या वेळी कोणी तुम्हांस मुळांची महती सांगेल, कोणी पंखांची सांगेल. देवदाराची थोरवी आम्हांस पूर्ण मान्य आहे. ज्याला आपल्या मातीत, आपल्या थंडीवाऱ्यात शतके उभे राहण्याचे भाग्य लाभले, त्याने वलयांवर वलये लिहीत जावे. पण ज्याची भिंत खचली, त्याने आपण उपटलेले झाड आहोत असे समजून वाळून जाऊ नये. एवढासा जीव, शंभर ग्रॅम वजनाचा. पण लोडातला कापूस घेऊन तो दर वर्षी नव्याने घर करतो, आणि त्या घरात पिले वाढतात. मात्र आत्याची अटही विसरू नका. खारीला कोठेही राहता येते खरे. पण झाड असेल तरच. ते झाड कोणीतरी आधी लावलेले असावे लागते. तेव्हा ज्यांना स्थिर राहावयास मिळाले आहे, त्यांनी आपल्या दारात एकतरी झाड लावून ठेवावे. न जाणो, कोणाचा तळ केव्हा तेथे येऊन पडेल!